कोरी बाटली

लोणारच्या विवरात उतरताना
ऋजुता मॅडम पुढं, मी मागं,
डोक्यावर बर्फ भरलेली थर्माकोलची पेटी.
धारेचं पाणी लांबून वाजत होतं,
सीताफळींच्या जाळीतून वानरं बघत होती
उधारी थकलेल्या गिऱ्हाइकाकडं बघावं तशी.

खाली खारा वास. कमळजेच्या देवळापल्याड
काठ शेवाळी, फेसाळ.
त्या पाण्यात मासा जगत नाही.
मॅडम म्हणतात गर्दी आहे तिथं,
जत्रेहून जास्त,
दिसत नाही एवढंच.

"पंचशीलाताई, जरा श्वास रोखा,"
म्हणाल्या, बाटलीचं तोंड दिव्यावर शेकत.
मी रोखला.
मोर दोनदा ओरडला तोवर रोखला.

बाटल्या नऊ. दहावी कोरी:
उघडायची, काही न भरता मिटायची.
तिच्यात काही उगवलं तर ते तळ्याचं नव्हे,
आपल्यातल्याच कुणाचं.

बाभळीखाली भाकरी सोडली तेव्हा सांगू लागल्या,
मंगळावरही एके काळी
असे खारे खड्डे भरलेले असावेत.
यंत्र धाडायचं तर भाजून धाडता येतं.
माणसाला कसं भाजणार?
त्याच्या पोटात, दातांत, काखेत, नखांखाली
अख्खं गाव राहतं.
पोशाखाला सुईएवढं भोक पडलं
की गाव बाहेर.
मग तिथल्या मातीत काही वळवळलं
तर ते तिथलं, की आपणच सांडलेलं?
आणि परतताना बुटाला चिकटून
तिथलं काही इकडं आलं तर?

मी ठेच्याचं बोट चाटत म्हटलं,
"म्हंजे विरजनच झालं ना, म्याडम.
चमचाभर पडलं का पातेलं गेलं.
मंग त्याले दूध म्हनता येत नाही कोनाले."
त्या हसल्या. वहीत लिहून घेतलं: विरजण.

मला हसू आलं नाही लगेच.
स्टँडवरच्या हॉटेलात माझ्या बापाचा कप
बाहेर खिळ्याला टांगलेला असे,
कान तुटलेला.
पिऊन झाल्यावर तोच धुवायचा, तोच टांगायचा.
त्या कपात काय वाढत होतं
कुणी भिंगाखाली धरून पाहिलं नाही.
आता पांढऱ्या कपड्यांतली माणसं म्हणतात
विटाळ माणसाचाच आहे,
सगळ्यांचा, सारखा.
खरं सांगते, ऐकून बरं वाटलं.
मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं.
भाकरी उरली ती वानरानं नेली.

दीड महिन्यानं फोन. मी तुरीच्या शेंगा सोलत होते.
कोरीत उगवलं होतं.
पिवळट ठिपका, मोहरीएवढा.
"तुमच्या हाताचा नमुना लागेल, ताई.
माझाही देतेच आहे."
माझे तळवे एकदम गार.

कुरियरनं कापसाच्या काड्या आल्या.
तळहातावर फिरवल्या, नळीत घातल्या, बूच लावलं.
आधी राखेनं हात घासावासा वाटला,
नाही घासला.
त्या पंधरवड्यात शेजारच्या पोरीनं
विरजण मागितलं,
तर मी म्हटलं, संपलं.

पुन्हा फोन. आवाज बारीक:
"तुमचं नव्हतं. माझं निघालं.
हातमोजा मनगटापाशी फाटला होता,
मला कळलंच नाही."
मी म्हटलं, "जाऊ द्या म्याडम. होते असं."
बराच वेळ दोघी बोललो नाही.
त्यांच्याकडं पंखा फिरत होता, ऐकू येत होता.

रात्री दूध कोमट केलं.
चमचा बुडवताना लक्षात आलं,
श्वास रोखून धरलाय.
सोडला. दुधावर सोडला.
मग वाटीभर विरजण शेजारी देऊन आले.

तिकडं जातील तेव्हा जातील.
कोण उतरणार, कोण बाटली उघडणार,
ते ठरलंही असेल कुठं.
मला फोनवर विचारायचं राहिलं
ते एवढंच:
पेटी कोण धरणार आहे?